एच.आय.व्ही.चे नैसर्गिक नियंत्रण व रोगमुक्तीचा शोध

प्रस्तावना :
एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीस उपचार न मिळाल्यास साधारणतः ८ ते १० वर्षांत एड्सची अवस्था येते. तथापि काही मोजक्या बाधितांची प्रकृती औषधाविना दीर्घकाळ टिकून राहते. त्यांना 'लाँग टर्म नॉन-प्रोग्रेसर' म्हणतात. ज्यांच्या रक्तात औषधाविनाही नेहमीच्या चाचणीत विषाणू आढळत नाही, त्यांना 'एलीट कंट्रोलर' म्हणतात; त्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. या व्यक्तींच्या अभ्यासातून काय उमगले व त्याचा योग्य अर्थ कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियंत्रणाची प्रक्रिया :
हा विषाणू सीडी-४ पेशींच्या जनुकद्रव्यात आपली प्रत मिसळतो. औषधांमुळे विषाणूची वाढ थांबते. परंतु पेशीतील सुप्त प्रत नष्ट होत नाही. म्हणूनच औषध थांबविल्यास बहुतेकांच्या शरीरात विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो. नैसर्गिक नियंत्रण असलेल्या अनेकांच्या मारक टी-पेशी बाधित पेशींचा प्रभावीपणे नाश करतात. एच.एल.ए.-बी ५७ व बी २७ ही जनुकरूपे त्यांच्यात अधिक आढळतात. २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, एलीट कंट्रोलरमधील विषाणूच्या अखंड प्रती बहुधा जनुकद्रव्याच्या निष्क्रिय भागांत अडकून पडलेल्या असतात.

महाराष्ट्रातील संशोधन :
पाश्चात्त्य देशांत विषाणूचा 'बी', तर भारतात 'सी' हा उपप्रकार प्रामुख्याने आढळतो. त्यामुळे तेथील निष्कर्ष येथे पडताळून पाहणे आवश्यक ठरते. या दृष्टीने पुण्यातील भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे कार्य महत्त्वाचे आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात भारतीय नॉन-प्रोग्रेसर व्यक्तींची प्रतिपिंडे विषाणूचे अनेक भाग ओळखून बाधित पेशींवर मारक पेशींचा हल्ला घडवून आणतात, असे दिसून आले. लसनिर्मितीसाठी असे निष्कर्ष मार्गदर्शक ठरतात.

रोगमुक्तीची उदाहरणे :
टिमोथी रे ब्राऊन यांच्यावर २००७ मध्ये बर्लिन येथे रक्ताच्या कर्करोगासाठी मूलपेशी प्रत्यारोपण झाले. दात्याच्या पेशींत विषाणूला प्रवेशासाठी लागणारा सीसीआर-५ हा ग्राहक नव्हता. ब्राऊन विषाणूमुक्त झाले. परंतु हा उपचार जिवावर बेतू शकतो. तो सरसकट देता येत नाही. याउलट लॉरीन विलेनबर्ग यांच्या सुमारे दीड अब्ज पेशी तपासूनही विषाणूची एकही अखंड प्रत आढळली नाही, असे २०२० मध्ये जाहीर झाले. त्यांच्यावर प्रत्यारोपण झालेले नव्हते.

निष्कर्ष :
या उदाहरणांवरून औषधे अनावश्यक आहेत, असा अर्थ काढणे घातक ठरेल. एलीट कंट्रोलरच्या शरीरातही दाह सुरू राहू शकतो व काहींचे नियंत्रण कालांतराने सुटते. सीडी-४ पेशी ५००हून अधिक असतानाच उपचार सुरू केल्यास गंभीर आजार व मृत्यूचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे २०१५ मध्ये 'स्टार्ट' चाचणीने सिद्ध केले. भारतातही २०१७ पासून निदान होताच प्रत्येक बाधितास उपचार देण्याचे धोरण असून शासकीय एआरटी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. महाविद्यालयांतील रेड रिबन क्लबमधून प्राध्यापकांनी ही दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावी. नैसर्गिक नियंत्रण हा संशोधनाचा मार्ग आहे. उपचाराचा पर्याय नव्हे.