रशिया कोणाच्या बाजूने होता?

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी वीज गेली असता आमच्या ओटीवर सारे घर जमले होते. अशा वेळी मुले प्रश्न विचारतात आणि वडील माणसांना उत्तरे द्यावी लागतात. माझा नातू नववीत आहे. दुसऱ्या महायुद्धाचा धडा नुकताच वाचून झाल्यामुळे त्याच्या डोक्यात तोच विषय घोळत होता. तो म्हणाला, "आजोबा, रशिया हिटलरशी लढला म्हणजे तो चांगल्या बाजूचा. पण तो तर इंग्रजांचा मित्र होता आणि इंग्रज आपल्याला तुरुंगात घालत होते. मग रशिया आपल्या बाजूने होता की इंग्रजांच्या?"

पस्तीस वर्षे मी मुलांचे प्रश्न ऐकत आलो. पण या प्रश्नाने मला थोडा वेळ गप्प केले. कारण हाच प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी आमच्याच घरात विचारला गेला होता आणि त्यापायी माझे दोन चुलते कित्येक वर्षे एका पंक्तीला जेवले नव्हते.

कौटिल्याने आपल्या मंडलविचारात राजाभोवतीच्या राज्यांना नावे दिली आहेत. शेजारचा तो अरि, त्याच्या पलीकडचा तो मित्र, त्याच्या पलीकडचा अरिमित्र. १९४२ साली हिंदुस्थानच्या दृष्टीने रशिया हा उघडउघड अरिमित्र, म्हणजे शत्रूचा स्नेही होता. परंतु कौटिल्याच्या मंडलात राजे असतात, प्रजा नसते. आणि त्या वर्षी व्होल्गेच्या काठी जे मरत होते ते राजे नव्हते.

प्रथम रशियाच्या पदरी जे पाप जाते ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे सांगण्याचा अधिकार राहत नाही. २३ ऑगस्ट १९३९ रोजी स्टालिनच्या सरकारने हिटलरशी अनाक्रमणाचा करार केला आणि त्याच्या गुप्त भागात पूर्व युरोपची वाटणी ठरविली. १ सप्टेंबरला जर्मनांनी पोलंडवर पश्चिमेकडून चाल केली, तर १७ सप्टेंबरला रशियनांनी पूर्वेकडून. त्याच नोव्हेंबरात फिनलंडवर हल्ला झाला. १९४० साली सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व प्रतिष्ठित नागरिक यांना गोळ्या घातल्या गेल्या. कातिनच्या जंगलातील या हत्येचा दोष रशियाने कित्येक दशके जर्मनांवर ढकलला आणि १९९० साली कबूल केला. तेव्हा रशिया या युद्धात धर्मयोद्धा म्हणून उतरला, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. २२ जून १९४१ रोजी पहाटे जर्मन सैन्य सरहद्द ओलांडून आले, म्हणून तो उतरला.

पण उतरल्यावर त्याने जे सोसले त्याला इतिहासात जोड सापडत नाही. सुमारे दोन कोटी सहासष्ट लक्ष माणसे या युद्धात सोव्हिएत देशाने गमावली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक निःशस्त्र नागरिक होती. लेनिनग्राड नगराला ८७२ दिवस वेढा पडला होता. १९४१ च्या हिवाळ्यात तेथे जे काम करीत नव्हते त्यांना, म्हणजे म्हाताऱ्यांना व लेकरांना, दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि त्यातही पीठ थोडे व भुसा फार. आमच्या घरातील स्त्रियांनी तो हिशेब कणकेने करून पाहिला. दोन-तीन पोळ्यांहून अधिक होत नाही. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून मोटारी हाकून जे काही धान्य आत जाई, त्यावर ते नगर जगले.

रशिया टिकला कसा, याचे उत्तर बहुतेक लोक 'थंडीमुळे' असे देतात. थंडी होतीच, पण ती दोन्ही पक्षांना सारखीच वाजत होती. १९४१ च्या उत्तरार्धात रशियनांनी दीड हजारांहून अधिक मोठे कारखाने यंत्रांसकट गाड्यांवर चढवून उरल पर्वतापलीकडे नेले, ही गोष्ट मला थंडीहून महत्त्वाची वाटते. काही ठिकाणी भिंती उभ्या राहण्याआधी यंत्रे सुरू झाली. दुसरी गोष्ट आम्हा रेल्वेकाठच्या लोकांना चटकन पटण्यासारखी आहे. रशियाचे रूळ जर्मन रुळांपेक्षा रुंद. त्यामुळे जर्मनांच्या गाड्या सरहद्दीवरच अडत आणि एक एक मैल रूळ नव्या मापाने ठोकून घेतल्यावाचून दारूगोळा पुढे जात नसे. जिंकलेला मुलुख जितका लांब, तितकी ही अडचण मोठी. शिवाय अमेरिकेने चार लक्षांवर मोटारगाड्या पाठविल्या. रशियन लेखक पुष्कळदा हे सांगावयाचे विसरतात आणि अमेरिकन लेखक फक्त हेच सांगतात!

त्या मदतीचा एक मोठा मार्ग इराणातून जात होता, आणि तेथे आपली माणसे होती. ऑगस्ट १९४१ मध्ये इंग्रज व रशियन फौजा इराणात शिरल्या, तेव्हा इंग्रजांकडील पलटणी बऱ्याचशा हिंदी होत्या. पुढे माल वाहून नेणाऱ्या हिंदी सर्व्हिस कोअरमधील दोघांना १९४४ साली सोव्हिएत सरकारने 'रेड स्टार' हे पदक दिले. एक गढवाल-कुमाऊंकडील हवालदार गजेंद्रसिंह आणि दुसरे सुभेदार नारायणराव निक्कम. हे निक्कम राहणारे तामिळनाडूतील धर्मपुरी जिल्ह्याचे. परंतु नाव-आडनाव वाचताच कोणीही विचारील की हे मूळचे कोठले. दक्षिणेत गेलेल्या मराठी घराण्यांची आठवण अशा अनपेक्षित जागी होते.

आता आपल्याकडे वळतो. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. हा ठराव आपण सर्वजण शाळेत शिकलो, पण त्याचा संपूर्ण मसुदा फार थोड्यांनी वाचला असेल. मीही निवृत्त झाल्यावरच वाचला. त्यात रशियन व चिनी आघाड्यांवरील बिघडत्या स्थितीबद्दल चिंता प्रकट केली आहे, त्या लोकांच्या शौर्याची प्रशंसा केली आहे, आणि आपल्या लढ्यामुळे त्यांच्या संरक्षणाला बाध येऊ नये अशी इच्छाही नमूद केली आहे. इंग्रजाला 'जा' म्हणताना इंग्रजाच्या मित्राचे बरे चिंतणारा असा दुसरा ठराव माझ्या पाहण्यात नाही. त्या ठरावाविरुद्ध तेरा मते पडली, ती मुख्यतः कम्युनिस्ट सभासदांची. रशियावर हल्ला होताच या युद्धाचे स्वरूप पालटले, ते आता लोकयुद्ध झाले, तेव्हा इंग्रजांच्या युद्धकार्यात अडथळा आणू नये, असा त्यांचा पक्ष होता.

सहा दिवसांनी, १४ ऑगस्टला, पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला. आसपासच्या गावांतून माणसे आली होती. गोळीबार झाला आणि पाच तरुण पडले. नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर आणि आमच्या बोईसरला लागून असलेल्या सालवडचे सुकूर गोविंद मोरे हे त्या पाचांतील; बाकीचे सातपाटी, मुरबे व पालघर येथले. त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, २३ ऑगस्टला, जर्मन विमानांनी स्टालिनग्राडवर बाँब टाकून ते नगर पेटवून दिले आणि त्याच दिवशी त्यांचे रणगाडे नगराच्या उत्तरेस व्होल्गेला भिडले.

माझे थोरले काका त्या मोर्चात होते. पुढे ते काही महिने ठाण्याच्या तुरुंगात राहिले. धाकटे काका गिरणगावात एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते आणि 'लोकयुद्ध' साप्ताहिक वाचीत. थोरल्यांचे म्हणणे असे की, ज्या हाताने पालघरला गोळी झाडली त्या हाताशी हात मिळविणारा आपला कोण लागतो? धाकट्यांचे म्हणणे, स्टालिनग्राड पडले तर उद्या स्वातंत्र्य मागायला जग शिल्लक राहणार नाही. आजी सांगत असे की, दोघेही खरे बोलत होते म्हणूनच भांडण मिटेना. एक जरी खोटे बोलत असता तरी तिने त्याला गप्प केले असते. ती शिकलेली नव्हती. सणावारी धाकटे काका आले की पाने दोन वेळा मांडावी लागत, एवढा त्या महायुद्धाचा तिला ठाऊक असलेला परिणाम.

स्टालिनग्राड पडले नाही. तेथे घराघरासाठी, जिन्याजिन्यासाठी लढाई झाली. १९ नोव्हेंबर १९४२ ला रशियनांनी दोन्ही बाजूंनी वळसा घालून जर्मन सैन्यालाच कोंडले. सेनापती पाउलूस याला हिटलरने फील्ड मार्शल केले आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ जानेवारीस, तो शरण आला. २ फेब्रुवारी १९४३ ला सर्व संपले. सुमारे एक्याण्णव हजार कैदी हाती लागले; त्यांतील पाच-सहा हजारच पुढे मायदेशी पोहोचले. त्यानंतर जर्मन सैन्य त्या आघाडीवर मुख्यतः मागेच येत राहिले, ते थेट बर्लिनपर्यंत. जर्मन सैनिकांतील जे या युद्धात मेले, त्यांतील बहुसंख्य याच पूर्व आघाडीवर मेले. हे लक्षात घेतले म्हणजे युद्धाचा निकाल कोठे लागला याविषयी वाद राहत नाही.

ती बातमी गिरणगावात ज्या रूपाने पोहोचली ते रूप आमच्या धाकट्या काकांना जन्मभर पाठ होते. वाळवे तालुक्यातील वाटेगावचा एक तेवीस वर्षांचा मातंग तरुण, ज्याचे शाळेतील शिक्षण जेमतेम दीड दिवसाचे, ज्याने वडिलांबरोबर पायी चालत मुंबई गाठली होती, त्या अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ साली 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. डफ-तुणतुण्याच्या साथीवर कामगारांच्या चाळींतून तो गाइला गेला. शिवाजीमहाराजांच्या गडांसाठी घडलेला हा छंद व्होल्गेकाठच्या नगरासाठी वापरावा, हे त्यांना सुचले. आम्हा पंडितांपैकी कोणाला सुचले नाही. मी वर्षानुवर्षे मुलांना मंदाक्रांता व शार्दूलविक्रीडित शिकविले, पण हा पोवाडा वर्गात कधी वाचून दाखविला नाही. पाठ्यपुस्तकात नव्हता, ही सबब खरी आहे. पण पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुष्कळ काही मी वाचून दाखवीत असे, हेही तितकेच खरे आहे. १९६१ साली अण्णा भाऊ स्वतः रशियात जाऊन आले व 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परकीय वाङ्मयाच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

आमच्या उत्तर कोकणात तर हा रंग आणखी निराळ्या वाटेने आला. ९ मे १९४५ ला मॉस्कोने विजयदिन साजरा केला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २३ मे रोजी, उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि यापुढे वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, असे तिने ठरविले. गोदावरी व शामराव परुळेकर हे तिचे चालक. लग्नासाठी काढलेल्या थोड्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबावे, ही चाल तोवर या भागात होती. आणि तिचा लाभ घेणाऱ्यांत आपल्यासारखी पांढरपेशी घरेही होती, हे या पानांवर लिहिण्यास मला संकोच वाटतो. पण गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' घरात ठेवून ते न लिहिणे अधिक वाईट. त्या वारल्यांना स्टालिन कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी हाती धरलेला लाल बावटा आणि बर्लिनवर चढविलेला लाल बावटा एकाच रंगाचा होता, इतकाच संबंध.

माझ्या काकांचे भांडण मिटविले ते रशियाने नव्हे, मुंबईने. १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तीत बेचाळीसचे समाजवादी आणि लोकयुद्धवाले कम्युनिस्ट एका व्यासपीठावर बसले, तेव्हा आमच्या घरीही पाने एकदाच मांडली गेली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात रशियन रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांवर आले. त्या दिवाळीनंतर धाकट्या काकांनी रशियाविषयी बोलणे सोडले, असे वडील सांगत. थोरल्या काकांनीही त्यांना त्यावरून कधी टोचले नाही.

हे सर्व मी नातवाला त्या रात्री सांगू शकलो नाही. मध्येच वीज आली आणि मुले पांगली. म्हणून १४ ऑगस्टला त्याला घेऊन पालघरला गेलो. पाचबत्तीवरच्या हुतात्मा स्तंभापाशी गर्दी होती. त्याने नावे वाचली आणि विचारले, "मोठे पणजोबाकाका कोठे उभे होते?" मला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. मोर्चाच्या मागच्या भागात, सालवडच्या माणसांबरोबर. आणि गोळीबारानंतर उमरोळीवरून रुळांच्या कडेकडेने चालत, मध्यरात्र उलटल्यावर ते बोईसरला घरी पोहोचले होते.