पादचाऱ्याचे ऊर्जाकारण

मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर पूल असतानाही माणसे रूळ ओलांडतात, तेव्हा त्यांना बेशिस्त ठरवून चर्चा संपविली जाते. १९८९ च्या रेल्वे कायद्याने हा गुन्हा ठरविला आहे आणि त्यात जिवाची जोखीम उघड आहे. तरीही मोह सुटत नाही. कारण प्रवाशाच्या मनातील हिशेब केवळ वेळेचा नसतो, तो स्नायूंचाही असतो.

सपाट जमिनीवर चालणे ही निसर्गाने साधलेली मोठी काटकसर होय. टेकलेला पाय जवळजवळ ताठ राहतो व शरीर त्याच्यावरून उलट्या लंबकाप्रमाणे पुढे जाते. मध्यावर ते सर्वांत उंच पण सर्वांत मंद असते; खाली येताना उंचीचे वेगात रूपांतर होते आणि पुढच्या पावलाला तोच वेग पुन्हा उंची मिळवून देतो. सोयीच्या गतीने चालताना या देवघेवीत साठ टक्क्यांच्या आसपास यांत्रिक ऊर्जा वाचते. ताशी सात किलोमीटरांच्या सुमारास लंबक निकामी होतो व माणूस आपोआप धावू लागतो. मग टाचेमागची कंडरा स्प्रिंगेसारखी ताणली जाऊन ऊर्जा साठविते आणि पाऊल उचलताना बरीचशी परत करते. सुटणारी लोकल गाठणारा कारकून या भांडवलावरच धावत असतो!

जिन्यावर या दोन्ही सवलती जवळजवळ संपतात. साठ किलो वजनाच्या माणसाला सहा मीटर चढायचे तर सुमारे साडेतीन हजार ज्यूल कार्य करावे लागते. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम पाव. म्हणजे प्रत्यक्ष खर्च चौपट. सपाटीवर एवढ्यात तो शंभर मीटरांहून अधिक चालला असता. समोरचा फलाट मात्र वीसेक मीटरांवर दिसत असतो.

उतरणे सोपे, हाही अर्धाच खरा समज आहे. दम कमी लागतो हे खरे. परंतु मांडीचे स्नायू तेव्हा ब्रेकचे काम करतात आणि गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. वृद्धांना चढण्यापेक्षा उतरण्याची धास्ती वाटते ती उगाच नव्हे. एकच सरकता जिना बसवायचा तर तो वर जाणारा, हे बहुधा गृहीतच धरले जाते.

पायरीचे माप हा तर जुना विषय. फ्रेंच वास्तुविशारद ब्लाँदेल याने सतराव्या शतकातच पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक रुंदी ही बेरीज माणसाच्या पावलाइतकी असावी, असा नियम सांगितला. एखादी पायरी बोटभर उंच निघाली तरी धोका असतो, कारण पाऊल पायरीच्या कडेवरून अगदी थोड्या अंतराने जाते.

पुलाच्या अंदाजपत्रकात पोलाद व सिमेंट मांडले जाते. प्रवाशांनी रोज खर्चावयाची ऊर्जा कोठेच मांडलेली नसते. पुलाला विजेच्या तारांवरून जावे लागते, तर भुयारी मार्गाला माणसाच्या उंचीहून थोडी अधिक जागा पुरते. चढउतार त्यामुळे पुष्कळ कमी होते. अर्थात मुंबईच्या पावसाळ्यात तेथे साचणारे पाणी उपसण्याचा खर्चही मग त्याच हिशेबात धरावा लागेल.