मेणबत्तीचं व्हॅनिला व्हेपमध्ये? नको रे बाबा!

मी हौसेनं मेणबत्त्या बनवते, म्हणून परदेशातला भाऊ विचारत होता, 'तुझं सुगंधी तेल घरच्या व्हेप-लिक्विडमध्ये चालेल का?' (आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदीच आहे.)

अजिबात नाही! ही तेलं मेणासाठी, साबणासाठी असतात. तेलाची वाफ फुप्फुसात गेली तर लिपॉइड न्यूमोनिया होऊ शकतो.

'खाण्याचा इसेन्स तरी?' तोही बेभरवशाचा. लोण्याचा वास देणारं डायअसिटिल पोटाला चालतं. पण त्याच्या वाफेनं अमेरिकेत मिझुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यात कामगारांची फुप्फुसं कायमची बिघडली, हे २००० साली उघडकीला आलं. क्रीममधलं साधं व्हिटॅमिन ई ॲसिटेटही २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे पसरलेल्या फुप्फुसाच्या आजारात मुख्य संशयित ठरलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्या आजाराचे ६८ बळी नोंदले गेले होते.