अर्धा तास शिल्लक

बोरीवलीहून सुटलेली चर्चगेट फास्ट अंधेरीच्या अलीकडे सिग्नलला खोळंबली की डब्यातले लोक मान वर करतात, चुकचुकतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं खुपसतात. मुंबईत उतरू पाहणाऱ्या विमानालाही असाच सिग्नल लागतो, पण त्याला थांबायची सोय नाही. नेमून दिलेल्या जागी, नेमून दिलेल्या उंचीवर लांबट घिरट्या घालत राहायचं, आणि तेवढ्या वेळात मिनिटाला तीस-पस्तीस किलो इंधन जाळायचं.

या घिरट्यांचा हिशेब फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच मांडला. मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं ताटकळावं लागतं. ताशी सरासरी २,००० किलो धरले तर एकेका विमानाचं १.७ ते २.५ किलोलिटर इंधन, म्हणजे १.८ ते २.६ लाख रुपये, हवेतच उडतात. मंत्रालयाने खापर फोडलं ते जादा स्लॉट वाटणाऱ्या विमानतळ चालकावर, वेळा न पाळणाऱ्या कंपन्यांवर आणि गर्दीच्या वेळी घुसणाऱ्या खासगी जेटवर. गर्दीच्या तासांत ४६ ऐवजी ४४ आणि एरवी ४४ ऐवजी ४२ उड्डाणं-अवतरणं, असा आदेश निघाला. मुळातली अडचण मात्र आदेशाने सुटणारी नाही. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर या विमानतळाने डिसेंबर २०१८ मध्ये चोवीस तासांत १,००७ विमानं हाताळली. विक्रम म्हणून कौतुक झालंच; त्या दिवशी रांग किती लांबली असेल, याची फारशी चर्चा कुणी केली नाही.

मग विमानं टाकी फुल्ल करूनच का निघत नाहीत? कारण इंधनाला वजन असतं आणि ते वजन वाहून न्यायलाही इंधन लागतं. जादा घेतलेल्या साठ्यातला ताशी तीन-चार टक्के भाग तो साठा वाहण्यातच खर्ची पडतो. शिवाय राज्याराज्यांतल्या वेगवेगळ्या कराचं गणित आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमधल्या विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्के केला. जिथे इंधन स्वस्त तिथून परतीचंही भरून आणायचं, हा कंपन्यांचा जुनाच रिवाज.

दिल्ली-मुंबई फेरीचा ढोबळ हिशेब असा. एअरबस ए-३२० ला प्रवासापुरते साडेचार टनांच्या आसपास लागतात. त्यावर अनपेक्षित खर्चासाठी साधारण पाच टक्के. मुंबईत उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ, समजा अहमदाबाद, गाठण्यापुरतं वेगळं. आणि सगळ्यांत शेवटी अर्ध्या तासाचा अंतिम राखीव साठा, हजार-अकराशे किलोंचा. हा वापरायचा नसतो; तो टाकीत तसाच ठेवून उतरता येईल, अशीच आखणी करायची असते. याखेरीज कॅप्टन आपल्या अनुभवाने वाढवून मागतो ते निराळं. जुलैतल्या संध्याकाळी मुंबईला यायचं असेल तर हा आकडा वाढतो, आणि तो वाढवणाऱ्याला मी तरी उधळ्या म्हणणार नाही.

प्रत्यक्ष भरताना मोजमाप लिटरमध्ये होतं आणि कॅप्टनला आकडा हवा असतो किलोत, म्हणून पावतीवर इंधनाची घनता लागते. लिटरला साधारण ८०० ग्रॅम. इंधन तपासायला नमुन्याच्या बरणीत पिवळी चकती असलेली छोटी कुपी घालून बघतात. चकती हिरवट झाली तर इंधनात पाणी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून जुहूला आले, तेव्हा अहमदाबादला बर्मा शेलचे चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आले होते. तेव्हा डबे मोजले की काम भागत होतं.

खरी फसगत मात्र भरण्यात होत नाही, पर्याय निवडण्यात होते. १५ जुलै २०१९ रोजी विस्तारा कंपनीचं मुंबईहून दिल्लीला निघालेलं विमान दिल्लीच्या हवेमुळे लखनौकडे वळवलं. उतरता-उतरता तिथेही दृश्यता घसरली. वैमानिक प्रयागराजच्या वाटेला लागले, तोच लखनौ निवळल्याचा निरोप आला आणि ते पुन्हा माघारी वळले. १५३ प्रवासी सुखरूप उतरले, तेव्हा टाकीत जेमतेम काही मिनिटांचं इंधन उरलं होतं. नियमापेक्षा जास्तच घेतलं होतं, असं कंपनीने सांगितलं. त्याआधी १८ ऑगस्ट २०१५ रोजी जेट एअरवेजचं दोहा-कोची विमान कोचीत तीनदा हुकलं, तिरुवनंतपुरमला गेलं, तिथेही हुकत-हुकत सातव्या प्रयत्नाला टेकलं. दोन्ही विमानतळांवर एकाच वेळी दृश्यता खराब होती. म्हणून आता नवी मुंबईचा विमानतळ हाकेच्या अंतरावर झाला, याचा मला अर्धाच आनंद आहे. सांताक्रूझला कुणाचं टायर फुटून धावपट्टी अडली तर तो देवासारखा धावून येईल. पण पावसाची सर सांताक्रूझवर कोसळते तेव्हा पनवेल कोरडं असेलच, असं कोण सांगणार? पर्याय जवळचा असून भागत नाही, त्याचं आभाळ वेगळं असावं लागतं.

इंधन संपत आलंय हे सांगण्याचीही रीत आहे आणि ती जीव गमावून आली. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कला येणाऱ्या एव्हियांका ५२ या बोईंग ७०७ ला एकूण ७७ मिनिटं ताटकळवलं गेलं. इंधन संपत आल्याचं वैमानिकांनी नियंत्रकांना सांगितलं होतं, पण आणीबाणी जाहीर केली नाही. चारही इंजिनं बंद पडली, ७३ जण गेले. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत शब्द पक्के झाले. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर नको. त्याने रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. ‘मेडे फ्युएल’ म्हणजे उतरताना त्या अर्ध्या तासाच्या साठ्याला हात लागलेला असेल. ही हाक टाकीत चाळीस मिनिटांचं इंधन असतानाही द्यावी लागते. टाकी कोरडी पडेपर्यंत थांबायचं नसतं, आणि बातम्यांत नेमकं हेच हरवतं. हाकेमागोमाग चौकशी ठरलेली. ती व्हायलाच हवी, फक्त तिच्या धास्तीने हाक लांबू नये.

मुंबईच्या रांगेतून वेळीच बाहेर पडणाऱ्या कॅप्टनला शाबासकी मिळत नाही. अहमदाबादला उभ्या विमानात एसी मंदावलेला, मुलं रडवेली, आणि एखादा बोरीवलीकर क्रूला पटवत असतो की मला इथेच सोडा, गाडी पकडली की थेट घराच्या स्टेशनात उतरतो. त्याचं म्हणणं चुकीचं नसतं. पण त्याची बॅग विमानाच्या पोटात असते, आणि बाहेर टँकरचा पाइप पंखाला जोडून पुढच्या चाळीस मिनिटांच्या घिरट्यांची तजवीज चाललेली असते.