दुप्पट केव्हा होणार?
2001 ते 2011 या दशकात जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 36.83 लाखांवरून 42.30 लाखांवर गेली, धुळ्याची 17.08 वरून 20.51 लाखांवर. अमुक वर्षांनी किती माणसं, याचं उत्तर घातांकी फल देतं. दुप्पट केव्हा, हा प्रश्न त्याच्या उलटा, आणि तो नैसर्गिक लॉगरिदमचा. या लॉगरिदमचा पाया ई म्हणजे सुमारे 2.718, त्याचा 0.693 वा घात 2, म्हणून 2 चा लॉगरिदम 0.693. त्याला वाढीच्या वार्षिक दराने भागलं की कळतं: हाच दर राहिला तर दुप्पट व्हायला जळगावला सुमारे 50 वर्षं लागतील, धुळ्याला 38. उलट क्रियांनी मूळ राशी शोधण्याची रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही आहे, आणि त्यांच्या घराण्याचा शिलालेख याच जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला आहे.

लॉगरिदम काढायला कॅल्क्युलेटर असताना आलेखाच्या चढाचं गणित, म्हणजे कलन, कशाला, असं कुणी म्हणेल. पण ईच्या क्ष घाताच्या आलेखाचा चढ सर्वत्र त्याच्या उंचीएवढाच असतो. आलेखाचे अक्ष अदलाबदल केले की चढाचा व्यस्तांक होतो, म्हणून लॉगरिदमचा चढ 1/क्ष. हे बटण दाबून कळत नाही (परीक्षेतही बहुधा पाठच केलं जातं). वाढीचा दर स्थिर राहत नाही, हा आक्षेप मात्र रास्त. पण दर बदलल्याचंही लॉगरिदमच दाखवतो: नव्या-जुन्या जनगणनेतल्या लोकसंख्येचं गुणोत्तर घ्या, त्याच्या लॉगरिदमला मधल्या वर्षांनी भागा, की नवा दर हाती येतो.