मोती बदलला, घडण टिकली

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरचे करावे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव आज नेरूळ आणि सीवूड्सच्या इमारतींनी वेढलेले आहे. या खाडीने गावाला पिढ्यान्‌पिढ्या निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी, कालवं दिली. दागिन्यातला मोती मात्र कधी दिला नाही. तरीही इथल्या लग्नात मुंडावळ्या मोत्यांच्याच दिसतात आणि पैठणीवर मोत्यांची नथच शोभते. हा मोती आला कुठून आणि मराठी घरात इतका रुजला कसा, त्याची ही हकिकत.

खाडीत मोती का नाही

आपण खातो ते कालव आणि मोत्याचे कालव यांची कुळे वेगळी. खाद्य कालवाच्या शिंपल्याला आतून मोत्याची झळाळी नसते, म्हणून त्यात चुकून खडा तयार झालाच तरी तो खडूसारखा निस्तेज निघतो. दागिन्यातला समुद्री मोती मुख्यतः पिंक्टाडा प्रजातीच्या कालवात घडतो. वाळूचा कण आत गेला की मोती होतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा निमित्त होते ते एखाद्या परजीवी किड्याचे किंवा आतल्या मऊ आवरणाला झालेल्या इजेचे. कालव त्या जागेभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ थर चढवत जाते. या थरांतून प्रकाश परतताना जी झाक उमटते, तिलाच जवाहिरे मोत्याचे पाणी म्हणतात.

बसऱ्याचा माल, मुंबईचा बाजार

भारतात मोती मिळत नव्हते असे नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात पाणबुडे फार प्राचीन काळापासून मोती काढत. पण मराठी दागिन्यांत मान मिळाला तो ‘बसरा’ मोत्याला. त्याला नाव मिळाले इराकमधल्या बसरा बंदरावरून, माल मात्र बहरीन आणि आसपासच्या इराणी आखातातल्या कालवांचा. उन्हाळ्यात तिथले पाणबुडे नाक चिमट्याने बंद करून, पायाला दगड बांधून तळ गाठत. शेकडो कालवे फोडावीत तेव्हा एखादा चांगला मोती हाती लागे.

एकोणिसाव्या शतकात या मालाची सर्वांत मोठी पेठ मुंबई होती. अरब व्यापारी मोती घेऊन येत. इथे ते चाळणीने आकारवार निवडले जात, रंग आणि पाणी पाहून वेगळे केले जात, त्यांना वेज पाडले जाई आणि मग माल पॅरिस-लंडनपर्यंत जाई. हा संबंध इतका घट्ट होता की आखातातल्या अनेक बंदरांत व्यवहाराचे चलन भारतीय रुपयाच होते.

पेशवाईची घडण

मोत्याचे मराठी दागिने आज ज्या रूपात ओळखले जातात, त्यांतले बरेचसे पेशवाईत लोकप्रिय झाले. तन्मणी म्हणजे मोत्यांचे अनेक सर आणि मधोमध खड्यांचे पदक. या पदकाला ‘खोड’ म्हणतात. चिंचपेटी गळ्यालगत बसते. कुडीत एका मोत्याभोवती सहा मोत्यांचे फूल असते. बुगडी कानाच्या वरच्या पाळीत, तर भिकबाळी पुरुषांच्या कानात. जेम्स वेल्स या चित्रकाराने 1792 मध्ये पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे चित्र काढले. त्यात पेशव्यांच्या गळ्यात मोत्यांचे सर आहेत. पानिपतच्या पराभवाची बातमी देणाऱ्या सांकेतिक पत्रातही विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ यांना दोन मोतीच म्हटले होते.

नथ आज मराठीपणाची खूण असली, तरी ती फार प्राचीन नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी जुने संस्कृत साहित्य धुंडाळून दाखवले की, सुमारे इसवी सन 1000 च्या आधी नाकातल्या दागिन्याचा पुरावा सापडत नाही. जुन्या शिल्पांतल्या दागिन्यांनी मढलेल्या स्त्रियांचे नाकही मोकळेच दिसते.

गायकवाडांचा खजिना

मराठी घराण्यांत मोत्यांचा सर्वांत गाजलेला संग्रह बडोद्याच्या गायकवाडांचा. 1856 ते 1870 या काळात गादीवर असलेल्या खंडेराव महाराजांचा मोत्यांचा सातपदरी हार प्रसिद्ध होता. त्यातल्या मोत्यांतून घडवलेला 68 मोत्यांचा दुपदरी हार 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 71 लाख डॉलरला गेला. खंडेरावांनीच सुमारे पंधरा लाख बारीक बसरा मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला होता. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी तो बनवला, असे सांगतात. तो तिकडे गेला नाही. 2009 मध्ये दोहा इथे त्याचा लिलाव झाला आणि किंमत आली सुमारे 55 लाख डॉलर.

जपानने बाजार फिरवला

1893 मध्ये जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी कालवात मुद्दाम बीज ठेवून अर्धगोल मोती मिळवला. पुढच्या दोन-अडीच दशकांत पूर्ण गोल मोत्याचे तंत्रही बसले. शिंपल्याचा घडवलेला मणी आणि दुसऱ्या कालवाच्या आवरणाचा छोटा तुकडा एकत्र रोवायचा. पुढचे काम कालव करते. हा मोती खोटा नसतो, फक्त त्याची सुरुवात माणसाने केलेली असते.

हा माल युरोपात पोहोचला, पाठोपाठ 1929 ची मंदी आली आणि आखातातला धंदा कोसळला. 1932 मध्ये बहरीनला तेल सापडले, तेव्हा पाणबुड्यांना दुसरे काम मिळाले. भारतात के. अलगरस्वामी यांनी 1973 मध्ये तुतिकोरिनला संवर्धित मोती पिकवून दाखवला. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांवरची शेती आता महाराष्ट्रातल्या काही शेततळ्यांतही होते.

नैसर्गिक मोत्याची मक्तेदारी मोडली आणि किंमत उतरली, त्यामुळे सरदारांच्या वाड्यातला तन्मणी मध्यमवर्गाच्या कपाटात आला. मोत्याचे मूळ पुरते बदलले. नथीचा बाक, कुडीचे फूल, तन्मण्याचे खोड मात्र तसेच राहिले. मोत्याची आवड टिकली ती या घडणीमुळे. शिवाय हिऱ्याप्रमाणे पैलू पाडल्याशिवाय मोती खुलत नाही असेही नाही, आणि त्याचा मंद उजेड सुती नऊवारीपासून शालूपर्यंत सगळ्यावर शोभतो.

ओळख आणि निगा

मोती दाताच्या कडेवर हलकेच घासला तर खरखरीत लागतो. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा गुळगुळीत लागतो. एवढ्याने खरा-खोटा कळतो, पण नैसर्गिक की संवर्धित हे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी आतली रचना पाहावी लागते.

मोती मऊ असतो आणि आम्लाने झिजतो. म्हणून अत्तर, पावडर, केसांचा गजरा सगळे झाल्यावर शेवटी मोती घालावेत आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवावेत. घाम मऊ कापडाने पुसावा, डबीत इतर दागिन्यांपासून वेगळे ठेवावेत आणि दोरा सैल झाला की पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावेत.

आजी-पणजीची नथ दुरुस्तीला देताना मात्र घाई नको. पिवळट पडलेले, थोडे वेडेवाकडे मोती काढून नवे गोल पांढरे बसवून द्या, असे सहज सांगितले जाते. पण तेच जुने मोती बसऱ्याचे असू शकतात आणि तसे असले तर त्यांचे मोल नथीतल्या सोन्याहून जास्त भरू शकते. आधी तपासून घ्यावेत. बदलायचेच ठरले, तर जुने मोती मोजून परत घ्यावेत.