तेरा रुपयांची थकबाकी आणि इतर ‘निरुपयोगी’ गोष्टी

थकबाकी हा शब्द बँकेच्या व्यवहारात कोणालाही प्रिय नसतो. परंतु बंगळूर शहरात एक थकबाकी अशी आहे, की जी सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी वसूल झालेली नाही आणि ती वसूल व्हावी अशी धनकोचीही इच्छा नाही. बंगळूर क्लबच्या १८९९ सालच्या दप्तरात येणे बाकी असलेल्या सभासदांची एक यादी आहे. त्या यादीत लेफ्टनंट डब्ल्यू. एल. एस. चर्चिल यांच्या नावापुढे तेरा रुपये लिहिलेले आहेत. हेच चर्चिल पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्यांचे देणे फेडण्याची तयारी काही पाहुण्यांनी दाखवली, पण क्लबने ती मान्य केली नाही. तेरा रुपयांपेक्षा त्या नोंदीचे मोल आता कितीतरी अधिक आहे.

ही माहिती ऐकून कोणाच्या ठेवीवरील व्याज वाढत नाही, की कोणाचा हप्ता कमी होत नाही. तरीही ऐकणारा ती घरी जाऊन दुसऱ्याला सांगतोच. अशा गमतीदार पण बिनकामाच्या माहितीचे माणसाला एवढे आकर्षण का वाटावे?

प्रश्नांचे शहर

या आकर्षणाला बंगळूरने शिस्तीचे रूप दिले. भारतात खुल्या प्रश्नमंजूषेची परंपरा १९६७ साली कोलकात्यात नील ओब्रायन यांनी सुरू केली. बंगळूरमध्ये १९८३ साली ‘कर्नाटक क्विझ असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. विंग कमांडर जी. आर. मुळकी हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत. पुढे दूरदर्शनवरील ‘क्विझ टाइम’ने १९८५ मध्ये आणि ‘कौन बनेगा करोडपती’ने २००० मध्ये हा छंद घराघरांत पोहोचवला.

या मंडळींत एक संकेत रूढ आहे. उत्तर केवळ पाठ असणाऱ्यालाच यावे, असा प्रश्न चांगला मानला जात नाही. विचार करणाऱ्याला वाट सापडावी, तो चांगला प्रश्न. खिशातील नोटेवरूनच असा एक प्रश्न तयार होतो. नोटेच्या मागील बाजूस तिचे मूल्य पंधरा भाषांत एकाखाली एक छापलेले असते. त्यात मराठी आठवी, म्हणजे बरोबर मध्यभागी येते. सात भाषा तिच्या वर आणि सात खाली. असे का? मराठीला कोणी मानाचे स्थान दिले म्हणून नव्हे. आसामीपासून उर्दूपर्यंतचा हा क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या अकारविल्हे लावलेला आहे. म्हणूनच कन्नड चौथी, कोकणी सहावी आणि मराठी आठवी येते. उत्तर कळले की नोटेकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. रोज हजारो नोटा मोजणाऱ्या रोखपालालाही मग ती नोट क्षणभर नवी वाटते.

खुंटीचे काम

निरुपयोगी वाटणाऱ्या माहितीचा खरा उपयोग येथेच आहे. ती भिंतीवरील खुंटीसारखी असते. खुंटी स्वतः काही करीत नाही, परंतु तिच्यावर बरेच काही टांगता येते. चर्चिल यांच्या तेरा रुपयांमुळे ते बंगळूरमध्ये काय करीत होते, हा प्रश्न मनात येतो. १८९६ साली आपल्या घोडदळाच्या पलटणीबरोबर ते येथे आले. विद्यापीठाचे शिक्षण न घेतलेल्या या तरुण अधिकाऱ्याने छावणीतील दुपारच्या मोकळ्या वेळात गिबन आणि मेकॉले यांचे इतिहासग्रंथ वाचून काढले. पुढे १९५३ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या लेखणीची तयारी या शहरात झाली.

बंगळूर शहर एकदा तीन लाख रुपयांना विकले गेले, ही माहितीही अशीच. तिच्यावर तर मराठी इतिहासाचे एक संपूर्ण प्रकरण टांगता येते. हे शहर आदिलशाहीकडून शहाजीराजांना जहागिरीत मिळाले होते. त्यांच्यामागे ते व्यंकोजीराजांकडे आले. १६८७ मध्ये मोगल सैन्याने ते घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्या हवाली केले. तो सौदा तीन लाखांचा होता. एक आकडा लक्षात राहिला, की त्याच्या आधाराने पन्नास वर्षांचा इतिहास लक्षात राहतो.

विज्ञानानेही याला दुजोरा दिला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी व्यक्तींना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारण्यात आले आणि उत्तराची वाट पाहत असताना अनोळखी चेहरे दाखवण्यात आले. ज्या प्रश्नांविषयी कुतूहल अधिक होते, त्यांची उत्तरे तर अधिक लक्षात राहिलीच. शिवाय त्या वेळी दाखवलेले, प्रश्नाशी संबंध नसलेले चेहरेही अधिक चांगले ओळखता आले. कुतूहलाने उघडलेल्या दारातून इतर गोष्टीही आत येतात, असा याचा अर्थ.

नमुना सहीशी पडताळणी

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जी माहिती ऐकायला गोड, ती तपासण्याचा मोह कमी होतो. बंगळूरच्या नावाची कथा प्रसिद्ध आहे. शिकारीत वाट चुकलेल्या होयसळ राजा वीरबल्लाळाला एका वृद्धेने उकडलेली कडधान्ये खाऊ घातली. त्यावरून गावाला ‘बेंदकाळूरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव पडले. कथा सुंदर आहे. परंतु शहराच्या दक्षिणेकडील बेगूर येथील वीरगळावर नवव्या शतकाच्या अखेरीस ‘बेंगळूरु’ येथे झालेल्या लढाईचा उल्लेख कोरलेला आहे. वीरबल्लाळ गादीवर आला तो बाराव्या शतकात. राजाच्या जन्मापूर्वीच गावाला नाव होते. मग त्याच्या भोजनावरून ते पडले कसे?

धनादेश कितीही सुबक अक्षरात लिहिलेला असला, तरी नमुना सहीशी पडताळल्याखेरीज बँक त्यावर रक्कम देत नाही. आज मोबाइलवर दिवसभर येणाऱ्या ‘आश्चर्यकारक’ माहितीलाही हाच नियम लावावयास हवा. जी व्यक्ती शहराच्या नावाची कथा पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबते, ती व्यक्ती ‘आपले खाते बंद होणार आहे’ या निरोपापुढेही थांबेल, आपला सांकेतिक क्रमांक कोणाला सांगणार नाही आणि शाखेत विचारून खात्री करून घेईल. छोट्या गोष्टींत लागलेली ही सवय मोठ्या गोष्टींत ठेवीचे रक्षण करते.

म्हणून गमतीची माहिती जरूर गोळा करावी, जेवणाच्या सुट्टीत, प्रवासात, मुलाबाळांत ती आनंदाने वाटावी. वाटल्याने न घटणारी ही शिल्लक आहे. फक्त खात्यावर जमा करण्यापूर्वी प्रत्येक नोंद एकदा तपासून घ्यावी.